असलं पुस्तक मी निवडलंच का?

ताई, नमस्कार.
मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. आमचा मराठी बायकांचा छोटासा वाचनगट आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो, चहा-पोहे होतात आणि पुस्तकावर बोलणं होतं. या वेळी निवडायची पाळी माझी होती. मी सफायर या लेखिकेचं ‘पुश’ घेतलं. न्यूयॉर्कच्या हार्लेममधली सोळा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी, प्रेशस. बापापासून दुसऱ्यांदा गरोदर. आई मारते, आणि मारण्याहून वाईटही वागते. नववीत आहे, पण वाचता येत नाही.
आमच्या बैठकीत जे झालं त्याने मी हादरले. एकीने वीस पानांत पुस्तक मिटलं होतं. म्हणाली, हे मला घरातसुद्धा नको. एक पूर्ण वेळ रडत होती. एक म्हणाली, एवढं सगळं एकाच मुलीच्या वाट्याला? मुद्दाम रचलंय. आणि आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या, ज्यांना आम्ही मावशी म्हणतो, त्या म्हणाल्या, “त्यांच्यात हे असंच चालतं. आपल्याकडे आईबाप असे नसतात.” दोघी-तिघींनी माना डोलावल्या. तेवढ्यात एक मैत्रीण अर्धा चहा तसाच ठेवून उठली. मुलाला क्लासवरून आणायचंय, म्हणाली. रात्री ग्रुपवर तिचा मेसेज आला, “पुढच्या वेळी काहीतरी हलकं घेऊ या ना.” त्यानंतर ती गप्पच आहे.
मी स्वतः ते पुस्तक एका रात्रीत वाचलं, खाली ठेवताच येईना. नंतर झोप उडाली. असलं काही आपण अधाशासारखं वाचलं याची लाज वाटते. नवरा म्हणतो, कशाला सुखाचा जीव दुःखात घालतेस. त्यात आता माझ्या पंधरा वर्षांच्या लेकीने ते टेबलावरून उचललंय. मी चुकले का? आणि त्या मैत्रिणीचं काय करू?
– एक वाचक, एडिसन

नमस्कार,

पुस्तक निवडण्यात तुम्ही चुकला नाहीत. ते देताना आत काय आहे हे आधी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं, एवढंच. बाप, आई, मुलीवरचा अत्याचार, आणि तो स्पष्ट शब्दांत, असा दोन ओळींचा निरोप ग्रुपवर पुरला असता. ज्यांना झेपणार नव्हतं त्यांनी घरूनच “मी या वेळी येत नाही” म्हटलं असतं आणि कुणाला चहा अर्धा टाकून उठावं लागलं नसतं. पुढच्या वेळेपासून हा नियमच करून टाका, पुस्तक कुठलंही असो.

आता तुमच्या लाजेचं. अधाशासारखं वाचलंत, कारण ते तसंच वाचलं जावं असं लिहिलंय. प्रेशस स्वतःच्या तोंडाने बोलते, स्वतःच्या इंग्रजीत, चुकलेल्या स्पेलिंगांसकट. लांब उभं राहून हळहळायला ती आपल्याला सवडच देत नाही. शिवाय ही मुलगी मिस्कील आहे. तुमच्या गटात हे कुणी बोललं का? सुरुवातीचा गणिताचा तास आठवा. मास्तर सांगतात, अमुक पान काढा. हिला आकडा वाचता येत नाही, म्हणून ती जागची हलत नाही, उलट मास्तरांनाच शिव्या घालते. आणि थोड्याच दिवसांत हीच धिप्पाड पोर वर्गात दंगा करणाऱ्यांना दम देऊन मास्तरांचा तास शांत ठेवायला लागते. मनातल्या मनात त्यांच्याशी लग्न करून उपनगरातल्या छानशा घरात संसारही थाटते. मी तिथे हसले होते. तुम्हीही हसला असाल, आणि दोन पानांनी घशात आवंढा आला असेल. ते हसू आठवलं की लाज थोडी कमी होईल. तुम्ही रात्रभर जागलात ते या मुलीसाठी, तिला अक्षर लागतं का, ती त्या घरातून सुटते का, हे बघायला. त्यात विकृत काही नाही.

झोप उडते. थोड्या दिवसांनी येते. महिना उलटूनही येत नसेल, किंवा पुस्तकातल्या प्रसंगांऐवजी स्वतःचंच जुनं काही डोळ्यांपुढे येत असेल, तर मात्र डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. नवरोबांचं म्हणाल, तर त्यांना तुमची काळजी वाटते आहे हे उघड आहे. ती काळजी घ्या, सल्ला घेऊ नका.

वीस पानांत पुस्तक मिटणारीला कुणी नाजूक वगैरे म्हटलं असेल तर ते चूक. पुस्तक पुरं करणं ही काही सहनशक्तीची परीक्षा नाही. आणि मिटण्यामागे काय कारण होतं ते आपल्याला माहीत नसतं. रडणारीबद्दल मला काही म्हणायचं नाही. रडू येण्यासारखंच पुस्तक आहे.

‘मुद्दाम रचलंय’ म्हणणाऱ्या बाईंशी मात्र मला भांडायला आवडेल, आणि थोडं त्यांच्या बाजूनेही बोलायला आवडेल. हा आक्षेप त्यांच्या एकटीचा नाही. बलात्कार, मारहाण, निरक्षरता, लठ्ठपणा, डाउन सिंड्रोम असलेलं पहिलं मूल, आणि वर एचआयव्ही. एका मुलीवर लेखिकेने इतकं लादलंय की मधूनच आपल्याला लेखिकेचा हात दिसतो. मलाही काही ठिकाणी दिसला. १९९६ साली पुस्तक आलं, २००९ मध्ये त्यावर ‘प्रेशस’ हा चित्रपट निघाला, आईचं काम करणाऱ्या मोनीकला ऑस्कर मिळालं, पटकथेसाठी जेफ्री फ्लेचरला मिळालं. आणि त्याच वेळी इश्माएल रीडसारख्या कृष्णवर्णीय लेखकाने संतापून लिहिलं की गोऱ्या प्रेक्षकांना आमच्याबद्दल जे वाटतं तेच हा चित्रपट त्यांना दाखवतो. हा राग खोटा नव्हता. तुमच्या मावशींचं वाक्य ऐकलं असतं तर रीड म्हणाले असते, बघा, हेच म्हणत होतो मी.

पण दुसरी बाजूही आहे. सफायर स्वतः कृष्णवर्णीय आहेत आणि हार्लेम-ब्राँक्स भागात त्यांनी कितीतरी वर्षं किशोरवयीन मुलांना आणि प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवलं. घरात बसून कल्पनेने रचलेलं हे दुःख नाही. आणि त्या काळाचं भान ठेवून वाचायला हवं. गोष्ट सुरू होते १९८७ मध्ये. एचआयव्हीवरचे जे एकत्रित औषधोपचार आज माणसाला म्हातारपणापर्यंत नेतात, ते पुस्तक छापून आलं त्याच सुमाराला मिळू लागले होते. प्रेशसच्या काळात ते नव्हते. त्यामुळे शेवटी ती बाळाला मांडीवर घेऊन बसते तेव्हा तिच्याकडे किती वर्षं आहेत हे तिलाही माहीत नाही. हे लक्षात न घेता वाचलं तर शेवट गोड वाटतो.

आता मावशींचं वाक्य. तुमच्या पत्रात हेच मला सगळ्यांत जड वाटलं.

आधी पुस्तकातलंच बघा. प्रेशसवर अत्याचार करतात तिचे आईबाप, पण ते झाकलं जातं ते कुणाच्या मदतीने? दुसरीतल्या या पोरीला बाकावरून उठवत नाही आणि ती तिथेच कपडे ओले करते. बाईंना प्रश्न पडत नाही की असं का होतंय. मुख्याध्यापकांचं म्हणणं असं की जी शिकू शकतात त्यांच्याकडे लक्ष द्या. बाराव्या वर्षी ती स्वयंपाकघराच्या फरशीवर बाळंत होते, आई लाथा घालत असताना. दवाखान्यात नर्स विचारते, बाप कोण? ती आपल्या बापाचं नाव सांगते. सरळ, स्पष्ट. म्हणजे एका बारा वर्षांच्या मुलीने सांगितलं, एका शिकल्या-सवरल्या मोठ्या माणसाने ते ऐकलं, आणि मुलगी परत त्याच घरात गेली. बाळ आजीकडे, बाळाच्या नावाचे सरकारी पैसे आईकडे. सोळाव्या वर्षी ती पुन्हा गरोदर दिसते तेव्हा शाळा काय करते? नाव काढते. हे ‘त्यांच्यातलं’ आहे का? शाळा, दवाखाना, सरकारी कचेरी, फाइल घेऊन बसलेली समाजसेविका, यांतलं काय आपल्याकडे नाही?

आणि ‘आपल्याकडे आईबाप असे नसतात’ याचं उत्तर भारत सरकारनेच देऊन ठेवलंय. २००७ साली महिला व बालविकास मंत्रालयाने बालअत्याचारावरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यं, १२,४४७ मुलं. महाराष्ट्र त्यात होता, गोवाही होता. ५३.२२ टक्के मुलांनी सांगितलं की लैंगिक अत्याचाराचा कुठला ना कुठला प्रकार त्यांच्यावर झाला आहे. मुलगे आणि मुली, दोघंही. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले. आणि बहुतेक मुलांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. पाच वर्षांनी, २०१२ मध्ये, मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा आला तो उगाच नाही.

हा आकडा मावशींच्या तोंडावर फेकू नका. त्या वयाच्या बाईला सगळ्यांदेखत आकडेवारी ऐकवली की त्या गप्प बसतील, पटणार काही नाही. आणि मला एक शंकाही आहे. इतक्या ठासून ‘आपल्यात नसतं’ म्हणणारी पिढी पुष्कळदा सगळं जाणून असते. अमक्या काकांच्या घरी मुलींना मुक्कामाला पाठवायचं नाही, तमका नातेवाईक आला की पोरींनी माजघरात बसायचं, हे नियम आपल्या आज्यांनीच केलेले आहेत ना? नियम केले, कारण कधी सांगितलं नाही. तेव्हा मावशींना एकटीला गाठा, जेवायला बोलवा, आणि नुसतं विचारा, “मावशी, तुमच्या लहानपणी मुलींना कुणापासून जपायचे?” मग गप्प राहून ऐका. काय निघेल सांगता येत नाही.

पण त्या वाक्याचा खरा प्रश्न वेगळाच आहे. ते खोलीत मोठ्याने बोललं गेलं. समोर किती बायका होत्या? वर दिलेला आकडा पुन्हा वाचा आणि हिशेब करा. आठ-दहा बायकांच्या कुठल्याही बैठकीत, ती एडिसनमधली असो की सदाशिव पेठेतली, यातलं काहीतरी स्वतः भोगलेली एखादी असेल असं धरूनच चालावं. तिने त्या संध्याकाळी काय ऐकलं? घरात हे ठेवायचंसुद्धा नाही. रचलेलं आहे. आपल्यात नसतं. तीन वेगवेगळ्या बायका बोलल्या, पण जिच्या बाबतीत घडलंय तिच्या कानावर एकच निरोप गेला: तू हे इथे सांगू नकोस.

ती तुमची उठून गेलेली मैत्रीण असेल का? मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. शक्य आहे की क्लास खरोखरच सुटला होता. म्हणून पहिली गोष्ट ही की मनातल्या मनात तिचा निकाल लावू नका, गटातल्या दुसऱ्या कुणाशी याबद्दल कुजबुजू नका, आणि “तुझ्या बाबतीत असं काही झालंय का गं?” हे तर कधीच विचारू नका. हा प्रश्न प्रेमाने विचारला तरी कोंडीत पकडणारा आहे. तिने ‘नाही’ म्हटलं तर तो दरवाजा बंद झाला, आणि तो बंद करायला तुम्हीच लावलंत.

तिला ग्रुपवर नाही, एकटीला मेसेज करा. मी असा काहीसा लिहीन: “परवा पुस्तक जडच होतं. त्यावरचं काही बोलणं मला स्वतःला आवडलं नाही, आणि तेव्हा मी काही बोलले नाही हे मनाला लागून राहिलंय. तुला त्यावर बोलायचंच असं काही नाही. शनिवारी ओक ट्री रोडला भाजी आणायला जाणार आहे, येतेस का?” यात तीन गोष्टी आहेत. ते बोलणं तुम्हाला पटलं नाही हे तिला कळतं. बोलायचं ओझं तिच्यावर येत नाही. आणि मैत्री पुस्तकाबाहेरही चालू आहे हे दिसतं. ती आली नाही तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच कशाबद्दल तरी मेसेज करा. आली आणि तासभर भेंडी-मेथीवरच बोलली, तर तुम्हीही भेंडी-मेथीवर बोला.

आणि समजा, ती बोललीच. मग पुस्तकातल्या प्रेशसच्या शिक्षिकेकडे, मिस रेनकडे बघा. हार्लेममधल्या १२५व्या रस्त्यावर, हॉटेल थेरेसाच्या इमारतीत एकोणिसाव्या मजल्यावर तिचा वर्ग भरतो. ती मुलींना वही देते आणि रोज लिहायला सांगते. सुरुवातीला प्रेशसला शब्द येत नाहीत, ती नुसती सुटी अक्षरं लिहिते, जी तिच्याशिवाय कुणाला वाचता येणार नाहीत. मिस रेन विचारते यात काय म्हटलंयस, आणि त्या अक्षरांखाली पूर्ण वाक्य लिहून देते. मग त्याखाली एक साधा प्रश्न लिहिते. प्रेशस पुन्हा अक्षरं मांडते. असं पानापानाने चालतं. ती प्रेशसच्या वतीने बोलत नाही, तिला घाई करत नाही, “असं कसं झालं?” म्हणत नाही. तुम्हीही तेवढंच करा. “तू सांगितलंस हे बरं केलंस, माझा तुझ्यावर विश्वास आहे” एवढं म्हणा. तपशील विचारू नका. ‘तेव्हाच का नाही बोललीस’ तर मुळीच नाही. घरी येऊन नवऱ्याला सांगू नका. तिला पुढे काही करायचं असेल तर तुमच्याच राज्यात दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करणारी ‘मानवी’ ही संस्था १९८५ पासून आहे. तिथे आपली भाषा, आपले नातेसंबंध पहिल्यापासून समजावून सांगत बसावं लागत नाही.

एकच गोष्ट गुपित ठेवता येणार नाही. बोलण्यातून असं निघालं की आज, आत्ता एखाद्या लहान मुलाला धोका आहे, तर न्यू जर्सीत तो कळवणं हे प्रत्येक प्रौढ माणसाचं कायदेशीर कर्तव्य आहे, फक्त शिक्षक-डॉक्टरांचं नाही. राज्याचा क्रमांक १-८७७-६५२-२८७३. भारतात वाचणाऱ्यांसाठी: मुलांची हेल्पलाइन १०९८, आणि पॉक्सोच्या कलम १९ नुसार तिथेही कळवणं सगळ्यांवरच बंधनकारक आहे. तिने बोलायला सुरुवात केली की हे आधीच सांगून टाका, म्हणजे नंतर विश्वासघात वाटणार नाही.

लेकीच्या हातातून पुस्तक हिसकावू नका. अमेरिकेत कितीतरी ठिकाणी शाळांच्या ग्रंथालयातून हे पुस्तक काढायला लावणारे पालक आहेत, तुम्ही त्यांच्यात नाही म्हणूनच ते टेबलावर होतं. पंधरा वर्षांच्या मुलीला हे झेपेल की नाही ते तिच्यावर अवलंबून आहे. तुम्ही नुसतं सांगा, “सुरुवातीची पानं फार भयंकर आहेत. मला झोप लागली नव्हती. नको वाटलं तर सोड, आणि वाचलंस तर मला तुझ्याशी बोलायला आवडेल.” आईला झोप लागली नाही हे मुलीला कळलं की तिलाही तसं सांगायची मुभा मिळते. शिवाय हे बोलणं झालं की पुढे कधी खरंच काही सांगायची वेळ आली तर कुणाकडे जायचं, हे तिला आपोआप कळलेलं असेल.

राहिला तुमचा गट. पुढच्या महिन्यात हलकं पुस्तक घ्या, मैत्रिणीची मागणी रास्त आहे. पण त्याआधी अर्धा तास ‘पुश’साठी ठेवा, ऐच्छिक, ज्यांना नको त्यांनी अर्ध्या तासाने यावं. तुमच्या पत्रावरून वाटतं की शेवटचा भाग कुणी नीट वाचलाच नाही. तिथे प्रेशसच्या वर्गातल्या मुलींनी स्वतः लिहिलेल्या आपापल्या गोष्टी आहेत. त्यातली र्‍होंडाची गोष्ट मोठ्याने वाचा. जमैकाहून अमेरिकेत आलेलं कुटुंब, राबून उभी राहिलेली आई, आईचा लाडका मुलगा, आणि घरात बहिणीवर अत्याचार करतो तोच. आईला कळतं तेव्हा ती घराबाहेर काढते मुलीला. वाचून दाखवायची विनंती मावशींना करा. आवाज चांगला आहे म्हणून, असं सांगा.